प्रयुक्त : पुरुष, वय त्रेसष्ट

मंगळवारी तत्त्वज्ञानाच्या तासाला कळलं,
नैयायिक मनाला अणूएवढं मानत.
म्हणून तर दोन गोष्टी एकदम कळत नाहीत माणसाला,
आधी एक कळते, मग दुसरी,
आणि मधल्या फटीलाच ते मनाची खूण म्हणत.

गुरुवारी विज्ञानाच्या इतिहासात
परदेशातल्या एका जुन्या वेधशाळेतला मदतनीस.
कान घड्याळाच्या टिकटिकीवर, डोळा दुर्बिणीत,
तारा आतली बारीक तार ओलांडेल तो क्षण लिहायचा.
साहेबापेक्षा याची नोंद आठ दशांश सेकंद मागे.
साहेबानं त्याला काढून टाकलं.
कित्येक वर्षांनी कुणाच्या तरी ध्यानात आलं
की उशीर प्रत्येकालाच होतो, आपापला,
आणि लोक तो उशीर मोजायला बसले.

वहीत मी मंगळवारपासून गुरुवारपर्यंत एक लांब बाण काढला.
हेडाऊ मॅडमनी तो पाहिला, बोलल्या काही नाहीत,
समासात पेन्सिलीनं फक्त : जपून.

प्रयोगशाळेत चिंधूजी जुन्या बनियननं
मेमरी ड्रम पुसत असतात.
ड्रम दरवेळी सातव्या शब्दावर अडतो.
"सातवा शब्द सगळेच विसरतात," चिंधूजी म्हणाले,
"त्याच्यावर दोन जण पीएचडी झाले."

प्रात्यक्षिक नऊ, शब्द-साहचर्य.
मे महिना, अमरावती रोडवरचा कॅम्पस ओस,
प्रयुक्त घरचाच चालेल म्हणाल्या मॅडम.
तर बाबा.
बत्तीस वर्षं मनोरुग्णालयात अटेंडंट.
त्या चौकाला ऑटोवाले अजून पागलखाना चौक म्हणतात
आणि मी वर्गात
"मानकापूरच्या जरा अलीकडे राहते" म्हणते.

कूलरसमोर खुर्ची. वाळ्याचा ओला वास.
मोबाईलवर स्टॉपवॉच. सूचना वाचून दाखवल्या :
मी एक शब्द म्हणेन,
मनात पहिला येईल तो शब्द सांगायचा,
यात बरोबर-चूक काही नाही.
"मंग परीक्षा कायची?" बाबा म्हणाले.

पाणी.
"टाकी." एक पूर्णांक दोन.
रात्र.
"राउंड." एक पूर्णांक एक.
भाकर.
"मोजून." एक पूर्णांक चार.
किल्ली.
आधी हात कमरेला गेला, जिथं आता काही नसतं,
मग म्हणाले, "कंबर."
हाताची वेळ कुठल्या रकान्यात लिहायची
ते मॅन्युअलमध्ये नव्हतं.

घर.

कूलरचा पंप गुरगुरला, बंद पडला, पुन्हा लागला.
खालून भंगारवाला गेला, त्याच्या भोंग्यासकट.
बाबा माझ्याकडे पाहत नव्हते, भिंतीकडेही नाही.
नियम दहा सेकंदांचा.
दहानंतर फुली मारून पुढचा शब्द.
अकरा. बारा.
एकोणीसवर म्हणाले,
"सारे हेच पुसत. घरी कधी.
मी म्हणो, उद्या.
रोजच म्हणो."

एकच शब्द मागितला होता.
मी फुली मारली नाही, लिहिलंही काही नाही,
आकडे पळत राहिले अंगठ्याखाली.

मग त्यांनी मोबाईल माझ्या हातून घेतला,
चष्म्याविना, लांब धरून,
तीनदा बोट आपटल्यावर तो शून्यावर आला.
"आता तुही पाळी," म्हणाले,
आणि सिटी बसचा कंडक्टर पुकारतो तसं,
"पागलखाना चौक."

उतरायचं मलाच होतं.
आठ दशांश तर केव्हाच होऊन गेले.
बाबा वाट पाहत होते, घाई नव्हती त्यांना,
आणि स्टॉपवॉच कुठून थांबवतात
हे त्यांना माहीत नव्हतं.